पोटावरची पिशवी आणि पनवेलचा पास

भारतीय रेल्वेच्या सवलतींची यादी सहसा कुणी शेवटपर्यंत वाचत नाही. विद्यार्थी, दिव्यांग, कर्करोगाचे रुग्ण, इथवर बहुतेकांना ठाऊक असते. त्याच यादीत थॅलेसेमिया, किडनी, क्षयरोग, कुष्ठरोग अशा ओळींच्या सोबतीने एक नोंद आहे : ऑस्टोमी रुग्ण, म्हणजे पोटावर पिशवी लावलेले. त्यांना मासिक आणि त्रैमासिक पासावर, पहिल्या आणि दुसऱ्या वर्गात, ५० टक्के सवलत मिळते. प्रवास कोणत्याही कामासाठी असला तरी चालतो आणि सोबतच्या एका माणसालाही तीच सवलत लागू होते. हार्बर मार्गाच्या टोकावरून, म्हणजे पनवेलहून, रोज मुंबई गाठणाऱ्याच्या खिशाला हा फरक चांगलाच जाणवतो. गंमत अशी की इतर बहुतेक रुग्णांची सवलत दवाखान्याच्या फेऱ्यांसाठी असते. ऑस्टोमीची मात्र पासावर आहे. नियम लिहिणाऱ्या कुणा अधिकाऱ्याने मनाशी धरले होते, की हा माणूस उद्यापासून पुन्हा कामावर जाणार.

दुसऱ्या एका सरकारी कागदावर याच माणसाला जागा नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार दिले आहेत, त्यांत स्टोमाचे नाव नाही. रेल्वेच्या लेखी जो सवलतीला पात्र, तो दिव्यांग प्रमाणपत्राच्या खिडकीवर बरा होऊन घरी गेलेला पेशंट ठरतो. आणि रात्री दोन वाजता पिशवी गळू लागली तर कुणाला विचारायचे, हे दोन्ही कागदांवर नसते. पनवेल आणि आसपासच्या कुटुंबांची खरी अडचण तिथे सुरू होते.

आतडे किंवा मूत्रमार्ग पोटाच्या भिंतीतून बाहेर काढून मल वा मूत्रासाठी केलेली नवी वाट म्हणजे ऑस्टोमी. तिचे पोटावर दिसणारे तोंड म्हणजे स्टोमा. मोठ्या आतड्याचा असेल तर कोलोस्टोमी, लहान आतड्याच्या शेवटच्या भागाचा असेल तर इलिओस्टोमी, मूत्राशय काढल्यावर लघवीसाठी केलेला असेल तर युरोस्टोमी. घरात मात्र तिन्हींसाठी एकच बोलणे ऐकू येते : "पिशवी लावली." कारणेही पुष्कळ. गुदाशयाचा किंवा मूत्राशयाचा कर्करोग हे सर्वांत परिचित. पण आतड्याचा क्षयरोग, टायफॉइडने आतड्याला पडलेले छिद्र, आतड्याला बसलेला पीळ, अल्सरेटिव्ह कोलायटिस, अपघातातली जखम, जन्मतःच गुदद्वार नसलेले बाळ, अशा कितीतरी वाटांनी माणूस इथे येऊन पोहोचतो. त्यामुळे "पिशवी म्हणजे कॅन्सर" हा समज निम्माशिम्माच खरा, आणि त्याचा त्रास उरलेल्यांना होतो.

निरोगी स्टोमा लाल आणि ओलसर असतो, गालाच्या आतल्या बाजूसारखा. त्याला वेदना जाणवणारे मज्जातंतू नसतात, म्हणून हात लावला तर दुखत नाही. पुसताना रक्ताचा एखादा थेंब आला तर घाबरण्याचे कारण नसते. रंग काळपट, जांभळा किंवा अगदी पांढुरका पडला, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. या तोंडाला आवळून धरणारा स्नायू नसतो, म्हणजे थोपवून धरणे हा पर्यायच संपतो. बाकीचे सगळे व्यवस्थापन, पिशवी, ती त्वचेला धरून ठेवणारी चिकट प्लेट, पेस्ट, पावडर, या एका उणिवेची भरपाई आहे.

शस्त्रक्रिया दोन तऱ्हांनी वाट्याला येते. एकात तारीख ठरलेली असते, तपासण्या झालेल्या असतात, डॉक्टरांनी चित्र काढून समजावलेले असते. दुसरीत मध्यरात्री पोट फुगून दगड झालेले असते, नातेवाईक सहीसाठी धावत असतात आणि रुग्ण शुद्धीवर येतो तेव्हा पोटावर पिशवी असते. उरण, पेण, कर्जत, खालापूर इथल्या माणसांना मोठ्या दवाखान्यासाठी पनवेल जवळचे पडते, त्यामुळे दोन्ही तऱ्हांचे रुग्ण या शहराला नवे नाहीत. मात्र आठवड्याभराने दोघांनाही घरी सोडतात तेव्हा हातात सारखीच सामग्री असते : औषधांची चिठ्ठी, टाके काढायची तारीख, दोन-चार जादा पिशव्या आणि "सिस्टरनी दाखवलंय ना कसं लावायचं?" हा प्रश्न. दाखवलेले असते. एकदा, घाईत, रुग्ण झोपलेला असताना. घरी बदलायची असते ती उभ्याने किंवा बसून, स्वतःच्या थरथरत्या हातांनी.

इथे एका विशिष्ट परिचारिकेचे काम सुरू होते, किंबहुना त्याच्याही आधी. एन्टरोस्टोमल थेरपिस्ट हे तिचे भारदस्त नाव; रुग्ण तिला "स्टोमाच्या सिस्टर" म्हणतात. शस्त्रक्रिया ठरलेली असेल तर ही सिस्टर आदल्या दिवशी मार्कर पेन घेऊन खाटेपाशी येते आणि स्टोमा कुठे असावा त्याची खूण पोटावर करते. ऐकायला क्षुल्लक वाटते, पण पुढची वर्षे या खुणेवर ठरतात. ती रुग्णाला झोपवून पाहते, बसवून पाहते, उभे करते, वाकायला लावते. बेंबी, जुना व्रण, बरगडीची आणि कमरेची हाडे, पोटाच्या वळ्या या सगळ्यांपासून दूर, आणि रुग्णाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल अशी सपाट जागा तिला हवी असते. वळीत स्टोमा आला तर प्लेट नीट बसत नाही, कडेने गळते, त्वचा सोलते आणि माणूस घराबाहेर पडणे सोडून देतो.

परदेशी पुस्तकांत या खुणेसाठी पँटच्या पट्ट्याचा विचार केलेला असतो. आपल्याकडे परकराची नाडी असते. नऊवारीचा काचा असतो, लुंगीची गाठ असते, कोळी पुरुषाचा कमरेला घट्ट आवळलेला रुमाल असतो. जमिनीवर मांडी घालून जेवणाऱ्याचे, उकिडवे बसून मासळी निवडणाऱ्या किंवा भाजी विकणाऱ्या बाईचे पोट खुर्चीवर बसणाऱ्याच्या पोटापेक्षा वेगळ्या जागी दुमडते. चांगली सिस्टर म्हणूनच विचारते, "मावशी, नाडी कुठे बांधता? दाखवा बरं." घरात ज्याची शस्त्रक्रिया ठरली आहे त्याच्या नातेवाइकांनी सर्जनला एक प्रश्न आवर्जून विचारावा : जागेची खूण कोण करणार आणि कधी? आणीबाणीच्या शस्त्रक्रियेत ही चैन परवडत नाही. तिथे सर्जनचा अंदाजच कामी येतो, आणि अशाच रुग्णांना पुढे सिस्टरची गरज जास्त भासते.

ही विद्या एका रुग्णाने जन्माला घातली. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या ॲक्रन गावच्या नॉर्मा गिल यांना अल्सरेटिव्ह कोलायटिसने अनेक वर्षे अंथरुणाला खिळवले होते. १९५४ साली क्लीव्हलंड क्लिनिकमध्ये डॉ. रूपर्ट टर्नबुल यांनी त्यांची इलिओस्टोमी केली. बऱ्या झाल्यावर त्या स्वतःच इतर रुग्णांना भेटून पिशवी कशी सांभाळायची ते शिकवू लागल्या. टर्नबुल यांनी ते पाहिले आणि १९५८ मध्ये त्यांना क्लिनिकमध्येच कामावर घेतले. नॉर्मा गिल तेव्हा ना डॉक्टर होत्या ना परिचारिका. १९६१ पासून तिथे रीतसर प्रशिक्षण सुरू झाले, आणि १९७८ साली या कामातल्या लोकांची जागतिक परिषद स्थापन झाली तेव्हा तिच्या पहिल्या अध्यक्ष गिलबाईच होत्या.

पिशवीची कथाही घरातलीच. डेन्मार्कमधली परिचारिका एलिसे सोरेन्सन हिच्या बहिणीवर, थोरावर, स्टोमाची शस्त्रक्रिया झाली. गळतीच्या भीतीने थोरा घराबाहेर पडेना. तेव्हाची साधने म्हणजे रबर, धातूचे पेले, कापडाच्या घड्या. एलिसेने १९५४ मध्ये त्वचेला चिकटणारी, एकदा वापरून फेकता येणारी प्लॅस्टिकची पिशवी कल्पिली आणि प्लॅस्टिकचा कारखाना चालवणाऱ्या ऑगे लुइस-हॅन्सन यांच्याकडे नेली. ते फारसे उत्सुक नव्हते. त्यांची पत्नी योहान्ने, जी परिचारिकेचे शिक्षण घेतलेली होती, तिने गळ घातली. त्यातून पुढे १९५७ साली कोलोप्लास्ट ही कंपनी उभी राहिली. तिच्या पिशव्या आज भारतातही मिळतात.

चिकटवायचे कशाने, या प्रश्नाच्या उत्तरात आपल्या डोंगरांचाही वाटा आहे. कवळी हिरडीला चिकटावी म्हणून तेव्हा कराया डिंकाची भुकटी वापरत. हा डिंक पाणी शोषून फुगतो आणि त्वचेला इजा न करता धरून ठेवतो, हे टर्नबुल यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला हेरले आणि स्टोमाभोवतीच्या त्वचेसाठी तो वापरात आणला. कराया म्हणजे कांडोळाचा डिंक. पांढुरक्या, सोललेल्यासारख्या दिसणाऱ्या सालीचे हे झाड सह्याद्रीच्या कोरड्या उतारांवर उन्हाळ्यात निष्पर्ण उभे असते. काही भागांत त्याला भुत्याही म्हणतात. या डिंकाचा मोठा पुरवठादार भारतच, आणि तो गोळा करणारे बहुतेक आदिवासी. आजच्या प्लेटमध्ये पेक्टिन, जिलेटिन आणि सेल्युलोजचे मिश्रण असते. कराया मागे पडला. पण दोन दशके क्लीव्हलंडपासून लंडनपर्यंत स्टोमाभोवतीची कातडी सोलण्यापासून वाचवणाऱ्या वस्तूंत हा डिंक होता.

आता पनवेलकडे वळू. महानगरपालिकेच्या हद्दीतच, खारघरला, टाटा स्मारक केंद्राचे ॲक्ट्रेक आहे. कर्करोगाचे उपचार आणि संशोधन दोन्ही तिथे चालते. कामोठ्याला एमजीएमचे वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय, शहरात उपजिल्हा रुग्णालय, शिवाय खासगी दवाखाने पुष्कळ. शस्त्रक्रिया करणारे हात इथे कमी नाहीत. स्टोमाचे खास शिक्षण घेतलेल्या परिचारिका मात्र देशभरातच मोजक्या आहेत, आणि ज्या आहेत त्या बहुधा मोठ्या कर्करोग रुग्णालयांत. परळच्या टाटा रुग्णालयात स्टोमा क्लिनिक चालते आणि परिचारिकांना या कामाचे प्रशिक्षणही तिथे मिळते. तेव्हा पनवेलकराने सुरुवात आपल्याच दवाखान्यापासून करावी. वॉर्डच्या मुख्य सिस्टरला सरळ विचारावे, की इथे स्टोमाचे प्रशिक्षण घेतलेले कुणी आहे का. नसल्यास कुणाकडे पाठवता? पुष्कळदा उत्तर असते, फक्त कुणी विचारलेले नसते.

परळमध्येच, टाटा रुग्णालयाच्या जवळ, ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडियाचे काम चालते. १९७५ साली मुंबईत सुरू झालेली ही संस्था मुख्यतः स्टोमा असलेल्यांनीच चालवलेली. आंतरराष्ट्रीय ऑस्टोमी संघटनाही त्याच वर्षीची. सवलतीत पिशव्या मिळवून देणे हा कामाचा एक भाग, पण त्याहून मोलाची ठरते ती भेट. नव्या रुग्णाला जुना रुग्ण भेटतो. शर्ट-पँटमध्ये, हसत. तो पिशवी दाखवेपर्यंत समोरच्याला पत्ताच नसतो, की यालाही आहे. "कामावर जाता? लोकलने? वास नाही येत?" हे प्रश्न डॉक्टरला विचारायचे धाडस होत नाही, याला विचारता येतात. सर्जनने तासभर समजावून जे होत नाही ते या दहा मिनिटांत होते, असे या क्षेत्रातले लोक सांगतात, आणि त्यात अतिशयोक्ती वाटत नाही. भेटायला येणारा शक्यतो त्याच वयाचा, त्याच तऱ्हेच्या स्टोमाचा, आणि बाईसाठी बाईच असावी. पंचविशीच्या मुलीला सत्तरीच्या आजोबांनी धीर दिला तरी तिचे प्रश्न तिच्यापाशीच राहतात.

पनवेल ते परळ हे अंतर तसे रोजच्या सवयीचे. हार्बर लोकलने शिवडीला उतरले की टाटा रुग्णालय फार दूर नाही. गाडीत तासाभराहून थोडा अधिक वेळ जातो. दिव्यांगांसाठी राखीव डब्यात कर्करोगाच्या रुग्णांनाही बसता येते, कागद जवळ हवेत. मात्र टायफॉइडने किंवा क्षयाने स्टोमा आलेल्याला हा डबा नाही. त्याच्या पोटावर पिशवी तीच, गर्दीतले कोपर तेच, तरी त्याने साध्या डब्यात लोंबकळायचे! जानेवारी २०२४ पासून शिवडी ते न्हावा-शेवा असा अटल सेतू झाला आहे, त्यामुळे नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्याला मोटारीने नेणे सोपे झाले, अर्थात मोटार आणि टोल परवडणाऱ्यांना.

पहिले सहा ते आठ आठवडे सर्वांत नाजूक. या काळात स्टोमाची सूज उतरते आणि तो आकसत जातो. दवाखान्यात कापून दिलेल्या मापाने घरी महिनाभर प्लेट कापत राहिले, की भोक मोठे आणि स्टोमा लहान अशी स्थिती होते. मधली उघडी त्वचा मलात भिजते. इलिओस्टोमीत तर बाहेर येणाऱ्या द्रवात पाचकरस असतात, ते काही तासांत कातडी सोलतात. म्हणून दर आठवड्याला माप घ्यायचे आणि भोक स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठे कापायचे. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करायची. पूर्ण भरू दिली तर वजनाने प्लेट ओढली जाते. प्लेट साधारण तीन ते सात दिवस टिकते. पनवेलच्या दमट मे महिन्यात घामाने ती त्याआधीच सुटू लागली तर तो रुग्णाचा हलगर्जीपणा नव्हे. बदलायची वेळ सकाळी उपाशीपोटी बरी, तेव्हा स्टोमा शांत असतो.

घरचे प्रेमाने जे करतात त्यातून निम्म्या अडचणी येतात. खोबरेल तेल लावले की प्लेट चिकटत नाही. डेटॉल किंवा सॅव्हलॉनने त्वचा कोरडी होऊन चिरते. सुगंधी साबण, टाल्कम पावडर, हळद, यांतले काहीच नको. कोमट पाणी आणि मऊ कापड पुरते. नंतर त्वचा टिपून पूर्ण कोरडी करायची. आंघोळ पिशवी लावून करा वा काढून, स्टोमातून पाणी आत जात नाही. त्वचा लाल झाली, पाणी सुटू लागले, आग होऊ लागली तर वरून आणखी चिकटपट्टी मारण्याऐवजी सिस्टरला दाखवायचे. दुसऱ्याच दिवशी, पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न पाहता.

ब्युरोमार्फत घरी येणारी बाई किंवा नर्स ठेवायची झाली तर दोन-तीन गोष्टी पारखून घ्याव्यात. तिने स्वतः कधी पिशवी बदलली आहे का? माप घेऊन भोक कापता येते का? सुटलेली प्लेट वरून पट्ट्या मारून भागवते, की काढून नवी लावते? रुग्णाला आंघोळ घालणारी प्रत्येक मदतनीस या कामाला तयार असेल असे नाही, आणि तिला त्यात दोष देता येत नाही. तिला कुणी शिकविलेलेच नाही, असे होऊ नये म्हणून स्टोमा क्लिनिकच्या पहिल्या भेटीला तिलाच सोबत न्यावे. आणि काही झाले तरी रुग्णाचा हात चालत असेल तर त्याने स्वतः शिकायलाच हवे. बायको, सून, मुलगी यांच्यावर हे काम कायमचे पडते तिथे रुग्ण परावलंबी होतो आणि काळजी घेणारी थकून जाते. पुरुष रुग्णांच्या बाबतीत हे फार सहज घडते.

खाण्याच्या बाबतीत लोक एकतर सगळे सोडतात किंवा काहीच पाळत नाहीत. कोलोस्टोमी असलेल्याला हळूहळू जवळपास सगळे खाता येते. वास आणि वायू वाढवणारे पदार्थ ओळखून बेत आखायचा : सुकट, बोंबील, अंडी, कांदा-लसूण, कोबी, वाल. ताक-दह्याने वास थोडा कमी होतो. रायगडातल्या माणसाला वालाचे बिरडे सोड म्हणणे अवघडच. थंडीत मडक्यात शिजवलेली शेंगांची पोपटी तर त्याहून अवघड. सुटीच्या दिवशी थोडी खाऊन पाहावी, एवढेच. इलिओस्टोमीवाल्याला मात्र पोपटीतल्या शेंगांची टरफले, मक्याचे दाणे, ओल्या खोबऱ्याचे तुकडे, संत्र्याच्या फोडीवरची सालपटे यांनी स्टोमाच्या तोंडाशी अडथळा होऊ शकतो. पोटात कळा येऊन काही तास काहीच बाहेर आले नाही, उलट्या सुरू झाल्या, तर घरगुती उपाय नकोत, दवाखाना गाठायचा.

इलिओस्टोमीत खरा धोका पाण्याचा. मोठे आतडे पाणी आणि मीठ शोषून घेते. ते वगळले गेले की दोन्ही पिशवीत जातात. स्थिरावल्यावर दिवसाला ५०० ते १००० मिलिलिटर द्रव येणे सामान्य. दीड लिटरच्या वर जाऊ लागले की शरीर सुकू लागते. अशा वेळी नुसते पाणी पीत राहिल्याने भागत नाही, मीठ-साखर असलेली ओआरएस हवी. मिठाची पेज, भात, केळे यांनी स्राव दाटसर होतो. साबुदाण्यानेही होतो, म्हणजे एकादशीची खिचडी चालून जाते. निर्जळी उपास मात्र करू नये. आणखी एक, आतड्यात सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या इलिओस्टोमीत अख्ख्याच पिशवीत पडलेल्या दिसतात. रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या डॉक्टरला पोटावरच्या पिशवीबद्दल सांगायलाच हवे, ते याचसाठी.

पैशाचा प्रश्न टाळता येत नाही. शस्त्रक्रियेचा भार महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून उचलला जाऊ शकतो. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी या नावाने ती सुरू झाली होती. पण योजनेचा भर रुग्णालयातल्या उपचारावर. घरी महिन्यामागून महिने लागणाऱ्या पिशव्या बहुतेकांच्या स्वतःच्या खिशातून येतात. रोजंदारीवरचा माणूस मग तीच पिशवी धुऊन पुन्हा वापरतो, किंवा दुधाची पिशवी आणि कापड बांधतो. त्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही. डाव्या बाजूची कायमची कोलोस्टोमी असलेल्यांसाठी एक स्वस्त आणि चांगला मार्ग आहे : इरिगेशन. शंकूच्या आकाराच्या नळीतून अर्धा ते एक लिटर कोमट पाणी स्टोमातून आत सोडून आतडे एकदम साफ करायचे. तासभर लागतो, पण पुढचे २४ ते ४८ तास बहुतेकांना पिशवीची गरज उरत नाही; स्टोमावर साधी घडी पुरते. हे कुणी करावे ते डॉक्टर ठरवतात आणि शिकवावे लागते सिस्टरलाच. इलिओस्टोमी आणि युरोस्टोमीवाल्यांना हा मार्ग नाही.

घराबाहेर पडले की संडास हा प्रश्न उभा राहतो. भारतीय पद्धतीच्या भांड्यावर उकिडवे बसून पिशवी रिकामी करणे पोटाला टाके असताना जमत नाही. घरी छोटे स्टूल ठेवता येते, स्थानकावरच्या शौचालयात काय करणार? जपानमध्ये स्टोमा असलेल्यांची दिव्यांगांच्या कायद्यात नोंद आहे, आणि तिथल्या अनेक सार्वजनिक शौचालयांत कमरेच्या उंचीचे बेसिन आणि फवारा अशी खास सोय असते, दारावर त्याची खूणही असते. आपल्याकडे एक हुक, एक फळी आणि वाहते पाणी मिळाले तरी पुष्कळ झाले. नवे स्थानक, नवा विमानतळ, नवी मेट्रो असे सगळे पनवेल तालुक्याच्या आसपास उभे राहत असताना ही मागणी फार मोठी म्हणता येणार नाही.

सोवळ्याओवळ्याचा प्रश्न दवाखान्यात कुणी काढत नाही, घरात मात्र तो पहिल्या गणपतीला निघतो. आरतीला उभे राहायचे का, नैवेद्याला हात लावायचा का? नीट बसवलेली बंद पिशवी बाहेर वास सोडत नाही, आणि कोणत्याही माणसाच्या पोटात जे असते तेच तिच्यात असते. नवरा-बायकोच्या जवळिकीबद्दलही असाच न बोललेला संकोच. पिशवी आधी रिकामी करावी, लहान पिशवी किंवा कापडी आवरण घालावे, हे सिस्टर मोकळेपणाने सांगतात. गुदाशयाच्या शस्त्रक्रियेत नसांना धक्का लागून आलेल्या अडचणींवर मात्र डॉक्टरांशी वेगळे बोलावे लागते.

सर्वांत कमी मदत मिळते ती तात्पुरत्या स्टोमावाल्यांना. "दोन-तीन महिन्यांत आत टाकू," असे सांगितलेले असते, म्हणून ते ना संघटनेकडे जातात ना नीट शिकतात. कसेबसे दिवस काढतात. केमोथेरपी लांबली की दोन महिन्यांचे आठ होतात. गुदद्वाराविना जन्मलेल्या बाळांचेही असेच. साधारण पाच हजारांत एका बाळाला हा दोष असतो, पुढच्या शस्त्रक्रियांपर्यंत त्यांतल्या अनेकांना कोलोस्टोमी करावी लागते आणि आई लंगोटावर दिवस काढते. बाळांसाठी छोट्या पिशव्या मिळतात, हे तिला कुणी सांगितलेलेच नसते. स्टोमा बंद झाल्यावरही काम संपत नाही. गुदाशयाचा भाग काढलेल्यांना नंतर कित्येक महिने दिवसातून अनेकदा, घाईने शौचाला जावे लागते. त्यासाठी ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम आहेत, खाण्यात बदल आहेत, औषधे आहेत. पिशवी निघाल्यावर स्टोमा क्लिनिकचा नंबर फोनमधून पुसून टाकायचा नसतो तो याचमुळे. ही तक्रार घेऊन जायचे ठिकाणही तेच.